घोड्याचा मागचा पाय

कार्यालयात त्याला सगळे मिलिग्रॅम म्हणत आणि त्याला त्याचा राग येत नसे. उलट थोडा अभिमानच होता. दुकानदारांचे, औषधवाल्यांचे, सोनारांचे काटे आणि वजनं तपासायची, बरोबर असतील तर शिक्का मारायचा, नसतील तर परत पाठवायची, हे त्याचं काम. त्यासाठी आतल्या खोलीत प्रमाण वजनांचा एक संच ठेवलेला होता. त्या खोलीला दोन दारं. एक नीट लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. वजनं मखमलीच्या खाचा असलेल्या पेटीत. त्यांना उघड्या हातानं शिवायचं नाही, पांढरे सुती हातमोजे घालून चिमट्यानं उचलायची. का, तर बोटाच्या ठशालाही वजन असतं. हे वाक्य मिलिग्रॅम नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवी, आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर पुरेसं आश्चर्य दिसलं नाही तर पुन्हा एकदा ऐकवी. सतरा वर्षांत त्याच्या हातून एकही चुकीचा शिक्का पडला नव्हता. ओळखीचा माणूस असो की साहेबांचा पाहुणा, काटा खोटा निघाला की मिलिग्रॅम कुणाला सोडत नसे. दुकानदार वैतागून म्हणत, "याच्या बापाचा काटा असता तरी यानं परत पाठवला असता." तेही तो कौतुक म्हणूनच घेई.

माणूस वाईट नव्हता. पण असली माणसं घरात कशी असतात ते त्यांच्या बायकांना विचारावं. घरात चमचे लांबीप्रमाणे लावलेले, चपला भिंतीशी समांतर, आणि दूध उतू गेलं तर किती गेलं यावर चर्चा. बायको घरीच शिवणकाम करायची. गळ्यात टेप अडकवून मशीनवर बसली की ती म्हणायची, "माझ्या टेपवर तुमचा शिक्का नाही, तरी लोकांना कपडे बसतात हो." तिच्या या बोलण्यावर आठ वर्षांचा थोरला आणि पाच वर्षांची धाकटी खिदळायची. मिलिग्रॅमही हसायचा, पण चपला सरळ करूनच.

या मुलांना तो आपल्या लहानपणच्या खेळण्यांच्या गोष्टी सांगत असे. त्याचे वडील फर्निचरच्या कारखान्यात सुतार होते. उरलेले लाकडाचे तुकडे घरी आणून त्यांनी चार वर्षांत सोळा प्राणी केले होते. हत्ती, अस्वल, मान हलवणारं बदक, दोन मेंढ्या, आणि सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत सुंदर, तांबूस लाकडाचा घोडा. मिलिग्रॅम एकेकाचं वर्णन असं करी की मुलांना वाटे, आता हा खिशातून काढूनच दाखवणार. आणि शेवट नेहमी एकच. "एक ओरखडा पडू दिला नाही मी. तुमच्यासारखं नव्हतं आमचं." मुलांना हे इतकं पाठ झालं होतं की शेवटचं वाक्य ती त्याच्याबरोबर सुरात म्हणायची.

मिलिग्रॅमची आई जाऊन वर्ष झालं होतं. आई शेवटपर्यंत त्याच्या धाकट्या बहिणीकडे होती. ती बहीण आता लहान घरात राहायला चालली होती, म्हणून एका शनिवारी तिनं सामानाच्या गाडीवाल्याबरोबर एक पत्र्याची पेटी पाठवून दिली. वर चिठ्ठी चिकटवलेली. 'दादा, तुझी खेळणी. आईच्या कपाटावर होती. मी उघडून बघितली नाही, माझा काय भरवसा.'

मिलिग्रॅम हसला आणि चिठ्ठी बायकोला दाखवली. तीही हसली. या बहिणीला सगळ्या नात्यागोत्यात 'तोडफोड खातं' म्हणत. लहानपणी तिच्या हातून काहीतरी मोडलं होतं, तेव्हा एका मामानं हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. ती चहा द्यायला उठली की कुणीतरी म्हणायचंच, "काचेचे कप काढू नका, तोडफोड खातं निघालं." सगळ्यांच्या आधी तीच हसायची. आता छत्तीस वर्षांची झाली तरी हसायची.

मिलिग्रॅमनं साबणानं हात धुतले, जमिनीवर पांढरी चादर अंथरली, मुलांना समोर बसवलं आणि पेटी उघडली. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला एकेक प्राणी बाहेर यायला लागला. लाकडाचा तोच वास. अस्वलाच्या पोटावर वडिलांच्या पटाशीची तीच बारीक खूण. त्याचे डोळे भरून आले. वडिलांना जाऊन अकरा वर्षं झाली होती आणि इतकं रडू त्याला तेव्हाही आलं नव्हतं. आता ही खेळणी माझी मुलं खेळणार, माझ्याइतकाच जीव लावणार, असं त्याला वाटलं, आणि त्याच क्षणी थोरल्यानं हत्ती उचलून अस्वलावर आदळला.

"अरे, अरे, अरे!"

पाच मिनिटांत सोळाच्या सोळा प्राणी पेटीत परत गेले.

सोमवारी तो कार्यालयातून रद्द झालेल्या हातमोज्यांचे दोन जोड घेऊन आला आणि बायकोपुढे ठेवले. "मुलांच्या मापाचे करून दे."

"हे कशाला?"

"हाताला घाम असतो. लाकूड काळं पडतं. शिवाय सवय लागलेली बरी, वस्तू कशी धरायची त्याची."

"अहो, खेळणी आहेत ती."

"म्हणूनच," मिलिग्रॅम म्हणाला. याचा अर्थ काय ते बायकोला कळलं नाही, पण तिनं मशीन ओढलं. थोरल्याचे बरे बसले. धाकटीची बोटं मात्र इवलीशी. शिवून शिवून किती लहान करणार? टोकाला चिंधीसारखं कापड लोंबतच राहिलं.

मग रोज संध्याकाळी अर्धा तास खेळण्यांची वेळ ठरली. चादर, हातमोजे, एका वेळी एकाला एकच प्राणी, आणि मिलिग्रॅम खुर्चीत समोर बसलेला. मुलांचं डोकं मोठं सुपीक. पांढरे हातमोजे मिळाल्याबरोबर त्यांनी सगळ्या प्राण्यांना दवाखान्यात भरती केलं. मेंढीचं पोट कापलं, हत्तीला भूल दिली, बदकाच्या नातेवाइकांना बाहेर थांबायला सांगितलं. बायको मशीनवर बसून हसत होती. मिलिग्रॅमला मात्र ते बघवेना. "असं नाही खेळायचं याच्याशी," तो म्हणाला. "मग कसं खेळायचं?" थोरल्यानं विचारलं. मिलिग्रॅमनं विचार केला आणि त्याच्या लक्षात आलं की त्याला सांगता येत नाही. तो स्वतः त्यांना रांगेत मांडायचा आणि बघत बसायचा. आठवड्याभरात थोरल्याचा उत्साह संपला आणि तो खाली चेंडू खेळायला जायला लागला. धाकटी राहिली. तिला घोडा आवडला होता. ती मांडी घालून बसायची, घोडा दोन्ही हातांत धरून त्याच्याशी काहीतरी पुटपुटायची, आणि मिलिग्रॅमला वाटायचं, ही माझी लेक.

दुसऱ्या शनिवारी दुपारी धाकटीला घोड्याला खिडकीबाहेरचं दाखवायचं होतं. तिनं रीतसर विचारलं. मिलिग्रॅमनं रीतसर परवानगी दिली. ती उठली, चार पावलं चालली, आणि हातमोज्याच्या लोंबत्या टोकांतून घोडा अलगद निसटला. फरशीवर पडला. आवाजही फार मोठा झाला नाही, पण मागचा एक पाय वेगळा होऊन कपाटाखाली गेला.

मिलिग्रॅम किती ओरडला ते मागाहून त्याला स्वतःला आठवलं नाही. बायको मशीन थांबवून धावत आली, एवढं आठवलं. शेवटचं वाक्य मात्र नीट आठवलं, कारण ते म्हणताना त्यानं मुलीकडे बोट केलं होतं. "एक वस्तू धड धरता येत नाही. आत्यावर गेलीस तू, आत्यावर!"

धाकटी रडली नाही. तिनं दोन्ही हात वर करून त्याला दाखवले. "मी घातले होते बाबा," ती म्हणाली.

मिलिग्रॅम गुडघ्यावर बसून कपाटाखालून पाय काढायला लागला. पाय हातात आल्यावर त्यानं तो उजेडात धरला. वस्तू बारकाईनं बघणं हा त्याचा धंदाच. नुकत्याच तुटलेल्या लाकडाला कुसं असतात, रंग उजळ असतो. इथे कुसं नव्हती. गुळगुळीत, तपकिरी, काचेसारखा चकाकणारा जुना सरस होता. पाय आज तुटला नव्हता, नुसता सुटला होता. मुलगी अजून हात वर करून उभीच होती. त्यानं तिच्याकडे न बघता घोडा आणि पाय पेटीत ठेवला आणि झाकण लावलं.

आता इथे ती गोष्ट सांगायला हवी, कारण मिलिग्रॅमनं ती कुणालाच सांगितली नव्हती. तो नऊ वर्षांचा होता आणि बहीण चार. खेळणी वडिलांनी दोघांसाठी केली होती, पण थोरलेपणाच्या जोरावर त्यानं ती कधीच आपल्या नावावर करून टाकली होती. बहिणीनं दाराच्या उंबऱ्यावर बसून बघायचं, हा त्याचा नियम. एका दुपारी घरी कुणी नसताना त्याला बघायचं होतं की घोडा किती वजन पेलतो. त्यानं घोड्याच्या पाठीवर आधी पुस्तकं ठेवली, मग कुलूप, मग वडिलांचा लोखंडी रंधा. मागचा पाय काडकन मोडला. त्यानं वडिलांच्या डब्यातला सरस आणून पाय चिकटवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हात लावून बघितला तर जोड हलत होता. वडिलांच्या नजरेतून हे सुटणार नव्हतं. तेव्हा त्यानं बहिणीला हाक मारली. आयुष्यात पहिल्यांदा. "ये," म्हणाला, "आज घोडा तू घे."

ती आली, तिनं घोडा घेतला, आणि पाय खाली पडला. मग त्यानं जो आरडाओरडा केला, तो ऐकून आई आली. आईनं मुलीच्या पाठीत धपाटा घातला. रात्री जेवणं व्हायच्या आत शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही कळलं होतं. पुढच्या आठवड्यात मामा आला तेव्हा ही हकीकत रंगवून सांगणारा मिलिग्रॅमच होता, आणि बहिणीला नाव मिळालं ते तिथेच.

वडिलांचं काय? वडिलांनी पाय हातात घेतला, तुटलेल्या बाजूवरून अंगठा फिरवला. ओला सरस काय असतो हे सुताराला कुणी शिकवायचं? त्यांनी मुलाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग जुना सरस खरवडून पाय नीट बसवला आणि घोडा पेटीत ठेवून दिला. त्यानंतरचे तीन-चार दिवस ते मुलाला उगाच बरोबर घेऊन फिरत होते, कधी दुकानात, कधी नुसतेच रस्त्याच्या टोकापर्यंत, आणि वाटेत गप्प असत. तेव्हा त्याला ते लाड वाटले. आज त्याला वाटत होतं की ते वाट बघत होते. त्यानं काही सांगितलं नाही. वडिलांनी पुढे एकही प्राणी केला नाही, आणि मुलीला त्या नावानं त्यांनी एकदाही हाक मारली नाही. बाकी सगळे मारत होते.

हे सगळं मिलिग्रॅम विसरला होता असं नाही. विसरता आलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं ते 'लहानपणी सगळेच करतात' या सदरात टाकून दिलं होतं आणि त्याला वाटलं होतं की प्रकरण मिटलं. आता पेटीच्या झाकणावर हात ठेवून बसल्यावर त्याला इतकी लाज वाटली की बायकोनं चहाला हाक मारली तरी त्याला तोंड वर करवेना. आणि तरी तो गप्पच बसला. जुनी वस्तू, झिजली असेल, एवढंच बायकोला म्हणाला.

त्या संध्याकाळी धाकटीनं दुधाचा पेला हातात घेतला नाही. आईनं तोंडाला लावावा म्हणून तोंड पुढे करून बसली. दुसऱ्या दिवशी ताट नको म्हणाली, आईच्या ताटातलं खाल्लं. लाडात आली असेल, असं घरच्यांना वाटलं. बुधवारी शाळेतल्या बाईंनी बायकोला गाठून विचारलं, "घरी काही झालंय का?" रोज वह्या वाटायला सगळ्यांत आधी धावणारी मुलगी दोन दिवस जागेवरून उठत नव्हती. बाईंनी हाक मारली तर म्हणाली, "माझ्या हातून फाटतील. मी आत्यावर गेलेय."

बायकोनं हे मिलिग्रॅमला सांगितलं तेव्हा तो बूट काढत होता. तो एक बूट हातात धरून तसाच बसून राहिला. "तुम्ही बोललात, तुम्हीच निस्तरा," बायको म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून त्याला ते जास्त लागलं.

त्याच्यापुढे काम सोपं होतं. दोन वाक्यं बोलायची होती. ती बोलायला त्याला गुरुवार पुरला नाही. शुक्रवारी सकाळी, मुलं शाळेला निघायच्या आधी, तो घोडा घेऊन धाकटीजवळ बसला.

"हे बघ. हे तपकिरी दिसतंय ना, हा सरस. म्हणजे हा पाय आधीच मोडलेला होता. फार जुना जोड होता. तुझी काही चूक नाही."

धाकटीनं हात पाठीमागे ठेवूनच वाकून बघितलं. "आधी कुणी मोडला होता?"

"खूप जुनी गोष्ट आहे ती."

"आत्यानं?"

मुलगी त्याच्याकडे बघत होती. बायको स्वयंपाकघराच्या दारात डबे भरत उभी होती. थोरला बुटाची नाडी बांधत होता. मिलिग्रॅमनं तोंड उघडलं, आणि तोंडातून निघालं, "हं."

सतरा वर्षांत जो चुकीचा शिक्का पडला नव्हता, तो घरात, सकाळी साडेसातला पडला. आणि लगेच कामीही आला. मुलीचा चेहरा खुलला, तिनं टेबलावरचा पेला स्वतःच्या हातानं उचलून रिकामा केला. मिलिग्रॅमचा जीव भांड्यात पडला. त्यानंतर दिवसभर आतल्या खोलीत दोन बंद दारांमागे काम करताना त्याला स्वतःची किळस येत राहिली. चिमट्यात धरलेलं वजन त्यानं दोनदा चुकीच्या खाचेत ठेवलं. शेजारच्या टेबलावरच्या माणसानं विचारलं, "काय मिलिग्रॅम, आज तब्येत बरी नाही का?" तो म्हणाला, "उकडतंय." त्या खोलीतलं तापमान वर्षभर एकच असतं.

रविवारी बहीण आली. नवीन घर लागलं होतं, तिला वेळ मिळाला होता, आणि बायकोनं मुद्दाम बोलावलं होतं. बहीण रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. एकटी राहायची, बोलायला मोकळी, मुलांची लाडकी. ती सोफ्यावर टेकते न टेकते तोच धाकटी एका हातात घोडा आणि एका हातात पाय घेऊन धावत आली. हातमोजे मिलिग्रॅमनं केव्हाच कार्यालयात परत नेऊन टाकले होते.

"आत्या, तू मोडलेला घोडा मी परत मोडला," ती आनंदानं म्हणाली. "माझी चूक नाही. तू आधी मोडला होतास, म्हणून तो मोडला. बाबा म्हणाला."

"अगं बाई, हाच तो घोडा," बहीण हसली. तिनं तो हातात घेतला नाही, नुसता वाकून बघितला. "हो गं. माझ्याच हातून. मला चांगलं आठवतंय."

"कसा मोडलास?" थोरल्यानं विचारलं. मोडतोडीत त्याला रस होता.

"दादा कधी हात लावू द्यायचा नाही. मी दारात बसून बघायचे. आणि एक दिवस त्यानं आपणहून हाक मारली, ये म्हणाला, आज घोडा तू घे. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. मी फ्रॉकला हात पुसले, दोन्ही बाजूंनी. घेतला, आणि पाय खाली. काय झालं ते कळलंसुद्धा नाही." ती अजून हसत होती. "एवढ्या विश्वासानं दिला होता त्यानं. पुढे मीच कधी मागितला नाही."

बायको चहाचे कप घेऊन आली होती आणि तीही हसत होती. मिलिग्रॅमला वाटलं, आता उठावं, काहीतरी आणायचं निमित्त काढून खाली जावं. पायही हलले. पण धाकटी आत्याला बिलगून उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की आता आपण दोघी एका गटातल्या. ते बघून त्याला पुढे पाऊल टाकवेना.

"तो आधीच मोडलेला होता," तो म्हणाला.

"काय?"

"तू हातात घ्यायच्या आधी. मी मोडला होता, आदल्या दिवशी. बाबांचा रंधा ठेवला होता त्याच्यावर. चिकटवला, पण बसला नाही नीट." त्याला वाटलं होतं की एकदा तोंड उघडलं की पुढचं सोपं जाईल. तसं काही झालं नाही. प्रत्येक शब्द ओढून काढावा लागत होता. "मला माहीत होतं की निघेल. म्हणून तुला दिला."

बायकोनं ट्रे टेबलावर ठेवला.

"म्हणजे बाबा, तू आत्याला मुद्दाम दिलास?" थोरल्यानं विचारलं.

"हो."

"मग मला आत्यानं मोडला असं का सांगितलंस?" धाकटी म्हणाली.

बायको त्याच्याकडे बघत होती. तिच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. दुकानदाराच्या काट्यात खोट निघाली की मिलिग्रॅम ज्या नजरेनं बघायचा, तसं ती बघत होती. त्यानं मान खाली घातली. बहीण आता रागावेल, किंवा सोड रे म्हणून हसून घेईल, या दोन्हींची त्यानं मनात तयारी केली होती.

ती हसली नाही आणि रागावलीही नाही. "बाबांना माहीत होतं?" तिनं विचारलं.

"असावं. ते मला कधी काही बोलले नाहीत."

"मलाही नाहीत." मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "पंधरा वर्षं काचेच्या नळ्या हाताळतेय मी. दिवसाला दोनशे. एक फुटलेली नाही. तिथले लोक म्हणतात, तुझा हात किती हलका आहे. आणि मला आपलं वाटायचं, यांना अजून कळलेलं नाही."

मिलिग्रॅमनं काहीतरी बोलायला हवं होतं. 'माफ कर' हे शब्द त्याच्या जिभेवर होते, पण त्या वाक्यापुढे ते इतके तोकडे वाटले की त्याला ते बाहेर काढायचीच लाज वाटली.

"ही झाली तेव्हा दादा, तू हिला माझ्याकडे दिलं होतंस," बहीण म्हणाली. "आठ दिवसांची होती. मी घेतली नाही. थोरल्यालाही घेतलं नव्हतं. तुम्ही सगळे हसलात, बरं झालं म्हणालात. मलाही वाटलं, बरं झालं."

बायकोनं पदरानं नाही, हाताच्या पालथ्या बाजूनं डोळे पुसले. तीही तेव्हा हसली होती.

यातलं किती धाकटीला कळलं कोण जाणे. पण आपल्याला कधी कुणीतरी घेतलं नव्हतं, एवढं तिला नक्की कळलं, आणि ती चूक तिथल्या तिथे दुरुस्त करण्याजोगी आहे असं तिला वाटलं. तिनं घोडा आणि पाय टेबलावर ठेवले, सोफ्यावर चढली आणि आत्याच्या मांडीवर जाऊन बसली. पाच वर्षांची मुलगी, चांगली वजनदार, पाय खाली लोंबत होते.

बहिणीचे दोन्ही हात सोफ्यावर दोन बाजूंना टेकलेले होते. ते तिथेच राहिले. तिनं मिलिग्रॅमकडे बघितलं.

"दादा," ती म्हणाली, "धरू हिला?"

त्यानं होकाराची मान हलवली. पुन्हा एकदा हलवली. पण बहिणीला तेवढं पुरेसं वाटलं नाही. ती त्याच्या तोंडाकडे बघत, तो हो म्हणायची वाट पाहत बसून राहिली.